तळघरांतलें गाणें

लिव्हरपूल हें इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचें जुनें बंदर. गोद्या, गोदामें, जहाजी कंपन्यांच्या कचेऱ्या आणि नदीवरून येणारा बोचरा वारा यांनीं त्या शहराचा चेहरा घडविलेला. शहराच्या मध्यभागीं मॅथ्यू स्ट्रीट नांवाची एक अरुंद गल्ली आहे. १९६१ सालीं या गल्लींत दिवसभर फळांच्या पेट्या वाहणाऱ्या मोटारींची ये-जा चाले. आणि दुपारचे बारा वाजण्याच्या सुमारास त्याच मोटारींमधून वाट काढीत कचेऱ्यांतील टंकलेखिका, दुकानांत काम करणाऱ्या पोरी, उमेदवारी करणारे कारागीर आणि शाळा चुकवून आलेलीं मुलें एका गोदामाच्या दारापुढें रांग धरून उभीं राहत. दारांतून अठरा पायऱ्या उतरून गेलें कीं 'कॅव्हर्न' नांवाचें तळघर लागे. कॅव्हर्न म्हणजे गुहा. आणि हें नांव ठेवणारानें अतिशयोक्ति मुळींच केलेली नव्हती.

विटांचे तीन कमानदार बोगदे एकाला एक लागून, मधल्या बोगद्याच्या टोंकाला लांकडाचा बुटका रंगमंच, त्याच्यापुढें खुर्च्यांच्या कांहीं रांगा, आणि बाकी सगळी उभ्यानें खेटाखेट, असा तेथील एकंदर थाट. हवा यावयास मार्ग असा नव्हताच. माणसें खच्चून भरलीं म्हणजे त्यांच्या श्वासाची वाफ थंड विटांवर जमे, भिंतींवरून ओघळे, आणि छताच्या चुन्याच्या खपल्या श्रोत्यांच्या केसांवर पडत. या खपल्यांना तेथील मंडळी गमतीनें 'गुहेचा कोंडा' म्हणत. कुजक्या फळांचा वास, जंतुनाशकाचा वास आणि घामाचा वास यांचें तेथें असें कांहीं मिश्रण होई, कीं घरीं परतलेल्या मुलीच्या कपड्यांवरूनच ती कोठें गेली होती तें आईला कळे. दारू मिळत नसे. कॉफी, सूप आणि कोका-कोला यांवर भागवावें लागे. महायुद्धाच्या काळांत विमानहल्ला झाला म्हणजे लोक अशाच तळघरांत आसऱ्याला उतरत. गायनसभा भरविणाऱ्या कोणाहि शहाण्या माणसानें ही जागा पाहून नाक मुरडलें असतें, आणि त्याला कोणी दोषहि दिला नसता.

हा क्लब १९५७ च्या जानेवारींत उघडला तो जॅझ संगीतासाठीं. मूळ मालक ॲलन सिट्नर यांनीं पॅरिसमधील तसल्याच एका तळघरावरून ही कल्पना उचलली होती. जॅझच्या रसिकांना त्या वेळीं रॉक अँड रोल हें अडाणी पोरांचें केकाटणें वाटे. त्याच वर्षीं जॉन लेनन नांवाचा एक मुलगा आपल्या सवंगड्यांना घेऊन येथें वाजवावयास आला असतां त्यानें मधेंच रॉकचीं गाणीं सुरू केलीं. तेव्हां 'हा धिंगाणा बंद करा' अशा अर्थाची चिठ्ठी मालकाकडून रंगमंचावर आली. संगीताच्या दुनियेंतील सोंवळें-ओंवळें कोठेंहि जा, सारखेंच. पुढें १९५९ सालीं क्लब रे मॅक्फॉल यांच्या हातीं गेला. हे गृहस्थ पेशानें हिशेबनीस. केवळ जॅझवर भाडें सुटत नाहीं, हें त्यांना खतावणीनेंच पटवून दिलें. नव्या गाण्याला दार किलकिलें झालें, दुपारच्या सुटींतील कार्यक्रम सुरू झाले, आणि ९ फेब्रुवारी १९६१ रोजीं दुपारीं तोच जॉन लेनन पुन्हां त्या रंगमंचावर चढला. या खेपेस त्याच्या चमूचें नांव होतें 'बीटल्स'. त्या दिवसाचें मानधन होतें पांच पौंड, तेंहि सर्वांनीं मिळून वांटून घ्यावयाचें!

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन हे तिघे गिटार घेऊन गाणारे आणि ढोलांमागें पीट बेस्ट. या पीट बेस्टचा जन्म मद्रासचा, १९४१ सालचा. ही गोष्ट भारतांतील श्रोत्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. हीं मुलें तेव्हां केवळ हौशी राहिलेलीं नव्हतीं. १९६० च्या ऑगस्टमध्यें तीं जर्मनींतील हँबुर्ग बंदरांत गेलीं होतीं, आणि तेथील खलाशांच्या वस्तींतील गुत्त्यांत त्यांनीं रात्र-रात्र वाजविलें होतें. समोरचा श्रोता नशेंत, त्याला गाण्याची भाषा कळत नाहीं, तो केव्हांहि उठून जाईल किंवा बाटली फेंकील; अशा ठिकाणीं सहा-सहा तास उभें राहून गावयाचें म्हणजे गळा फुटतो तरी किंवा तयार होतो तरी. यांचा तयार झाला. एकच गाणें पुन्हां पुन्हां म्हणून इतका वेळ भरून निघत नाहीं, म्हणून गाण्यांचा सांठाहि अफाट झाला. लिव्हरपूलला परतलीं तेव्हां त्यांच्या वाजवण्यांत असा एक धक्का होता, कीं जो शहरांतील दुसऱ्या कोणत्याहि चमूजवळ नव्हता. आणि असे चमू तेव्हां त्या शहरांत गल्लोगल्लीं होते.

आतां दुपारची ती बैठक कशी असे तें पाहावें. रंगमंच इतका जवळ, कीं पहिल्या रांगेंतल्या मुलीनें हात लांब केला तर वादकाच्या बुटाला लागावा. चौघांच्या अंगांत काळीं चामड्याचीं जाकिटें. गाण्याच्या मधल्या वेळांत कोणी पाव खात आहे, कोणी सिगारेट पेटवीत आहे, कोणी श्रोत्यांकडे पाठ करून दुसऱ्याशीं वाद घालीत आहे. श्रोते कागदाच्या कपट्यांवर फर्माइशी लिहून पुढें सरकवीत. पॉल किंवा जॉन त्या चिठ्ठ्या मोठ्यानें वाची, लिहिणारीची थट्टा करी, तिच्या मैत्रिणीची विचारपूस करी, आणि मग गाणें सुरू होई. कित्येक मुली केसांना कुरळे करण्याच्या नळ्या गुंडाळूनच रांगेंत उभ्या राहत, आणि आवडत्या चमूची वेळ जवळ आली म्हणजे त्या सोडून केस सारखे करीत. वाफेनें भिजून ध्वनिवर्धक बंद पडणें, फ्यूज जाणें हें तर नित्याचेंच. अन्यत्र अशा वेळीं कार्यक्रमाचा विचका व्हावयाचा. येथें उलट होई. अंधारांत विनोद चालत, नकला होत, जाहिरातींतल्या चाली गाऊन दाखविल्या जात, सगळें तळघर त्यांच्याबरोबर गाऊं लागे. आणि ज्यांनीं ते दिवस पाहिले त्यांच्यापैकीं अनेकांना गाण्यांहून या खंडाचीच आठवण अधिक गोड वाटते.

१९६१ चा फेब्रुवारी ते १९६३ चा ऑगस्ट, एवढ्या काळांत बीटल्स या तळघरांत पावणेतीनशेंच्या आसपास वेळां वाजवून गेले; कोणी २९२ असा आंकडाहि देतात. त्यांना शें-दीडशें वेळां ऐकलेले श्रोते होते. एकाच चमूला शंभर वेळां ऐकणें म्हणजे काय, याचा थोडा विचार करावा. असा श्रोता गाणें ऐकावयास येत नाहीं. गाणें त्याला पाठच असतें. आज जॉनचा घसा बसला आहे, आज जॉर्ज रुसला आहे, परवांची ती नवी तान आज सफाईनें निघाली, हें पाहावयास तो येतो. त्याला चमूच्या घडणीचा साक्षीदार व्हावयाचें असतें. त्या वेळीं लिव्हरपूलमधील सर्वच चमू अमेरिकन तबकड्यांवरचीं तींच तीं गाणीं म्हणत. एकाच संध्याकाळीं तीन चमूंनीं एकच गाणें म्हणावें असा प्रसंग येई. त्यावर तोड म्हणून बीटल्स तबकड्यांच्या मागल्या बाजूचीं, कोणीं न ऐकलेलीं गाणीं हुडकून काढीत. तेंहि पुरेना, तेव्हां जॉन आणि पॉल यांनीं स्वतः रचलेलीं गाणीं भीत भीत मधें घुसडण्यास प्रारंभ केला. जगांतील एका अत्यंत यशस्वी गीतकार-जोडीचा उदय असा दुपारच्या सुटींत, सूप पिणाऱ्या टंकलेखिकांच्या समोर झाला. आणि त्याचें कारण प्रतिभेच्या स्फुरणाइतकेंच शेजारच्या चमूची स्पर्धा हेंहि होतें.

या श्रोतृवर्गाला आपण एक समाज आहों असें वाटावें, याला आणखी दोन गोष्टी कारण झाल्या. एक म्हणजे बॉब वूलर. पूर्वी रेल्वेंतील कारकून असलेला हा निवेदक आपल्या गोड, नाटकी आवाजांत श्रोत्यांना 'गुहावासी' म्हणून संबोधी, आणि दुपारच्या जेवणाला अमुक तबकडी लावणार असल्याचें जाहीर करी. दुसरी म्हणजे 'मर्सी बीट' हें पाक्षिक. बिल हॅरी नांवाच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यानें तें १९६१ च्या जुलैंत काढलें. कोणता चमू कोणत्या दिवशीं कोठें वाजविणार हें त्यांत छापून येई, म्हणून तें खपे. त्या पत्रानें वाचकांचा कौल घेतला तेव्हां, १९६२ च्या प्रारंभीं, बीटल्स पहिले आले. चमूंतील मंडळींनीं स्वतःच निरनिराळ्या नांवांनीं कांहीं मतें धाडलीं होतीं असें पुढें सांगण्यांत आलें. दुसऱ्या चमूंनींहि तेंच केलें असणार. त्यामुळें फार बिघडलें असें नाहीं.

चाहत्यांचें एक मंडळहि निघालें. त्या मंडळाशीं पुढें ज्या मुलीचें नांव कायमचें जोडलें गेलें ती फ्रीडा केली ही याच दुपारच्या रांगेंतील एक टंकलेखिका. वय अवघें सतरा. मंडळाच्या पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून तिनें भाबडेपणानें आपल्या घराचा पत्ता दिला. प्रथम दिवसाला दोन-चार पत्रें येत. पुढें टपालवाला पोतीं आणून टाकूं लागला आणि तिच्या वडिलांना आपलें स्वतःचें पत्र त्यांतून शोधून काढणें मुष्किल झालें. पण हें थोडें पुढचें झालें.

मधें एक तबकडी आडवी आली. हँबुर्ग येथें १९६१ च्या जूनमध्यें टोनी शेरिडन नांवाच्या गायकाच्या मागें बीटल्सनीं साथ केली होती, आणि 'माय बॉनी' या गाण्याची ती तबकडी जर्मनींत निघाली होती. तबकडीवर त्यांचें खरें नांवहि नव्हतें. तरी कॅव्हर्नच्या मंडळींना बातमी लागली आणि जवळच्याच व्हाइटचॅपल रस्त्यावरील दुकानांत मागणी होऊं लागली. त्या दुकानाच्या तबकडी-विभागाचे चालक ब्रायन एप्स्टाइन. कोणतेंहि गिऱ्हाईक रिकाम्या हातीं परत जाऊं नये असा त्यांचा बाणा. ही तबकडी कोणाची याचा शोध घेतां घेतां त्यांना कळलें, कीं हा चमू जर्मन नसून येथून दोनशें पावलांवर दुपारीं वाजवीत असतो. ९ नोव्हेंबर १९६१ रोजीं हे टापटिपीचे गृहस्थ उंची सूट घालून त्या अठरा पायऱ्या उतरले. थोड्याच आठवड्यांत ते चमूचे व्यवस्थापक झाले.

येथून चाहत्यांच्या सुखाला पहिला तडा गेला असें म्हणावें लागेल. आणि गंमत अशी, कीं तो त्यांच्याच मागणीनें गेला. एप्स्टाइन यांनीं चामड्याचीं जाकिटें उतरविलीं, चौघांना एकसारखे सूट शिवले, रंगमंचावर खाणें बंद केलें, गाण्याच्या अखेरीस कमरेंत वांकून नमस्कार करण्याचा पाठ दिला. ५ एप्रिल १९६२ रोजीं चाहत्यांच्या मंडळानें कॅव्हर्नमध्यें एक खास रात्र ठरविली. त्या रात्रीं पूर्वार्धांत चौघे जुन्या काळ्या जाकिटांत आले, उत्तरार्धांत नव्या सुटांत. एकाच तिकिटांत दोन युगें! प्रत्येक तिकिटामागें एक छायाचित्र भेट मिळालें. त्या रात्रीं कोणाच्या मनांत काय आलें असेल तें सांगणें अवघड आहे; पण पूर्वार्ध पुन्हां दिसणार नाहीं हें ओळखण्याइतक्या त्या मुली खासच हुशार होत्या.

व्यवस्थापक मात्र लंडनच्या वाऱ्या करीत होते. १ जानेवारी १९६२ रोजीं डेक्का कंपनीनें चमूची परीक्षा घेतली, पंधरा गाणीं म्हणवून घेतलीं आणि नकार कळविला. इतरांचाहि नकार आल्यावर प्रकरण ई. एम. आय. या कंपनीच्या पार्लोफोन शाखेपर्यंत पोंचलें. ही ई. एम. आय. म्हणजे भारतांतील जुन्या घरांना परकी नव्हे. ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया या दोन पेढ्या १९३१ सालीं एकत्र येऊन ती बनली होती, आणि कर्ण्यापुढें कान टंवकारून बसलेल्या कुत्र्याचें जें चित्र अनेक मराठी घरांतील तबकड्यांवर असे तें तिच्याच घराण्याचें. याच नात्यामुळें १९६८ च्या जानेवारींत जॉर्ज हॅरिसन मुंबईस आला आणि फोर्टमधील एच. एम. व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहांत हिंदुस्थानी वादकांना घेऊन त्यानें काम केलें. पण तो विषय निराळा. १९६२ सालीं पार्लोफोनचे प्रमुख होते जॉर्ज मार्टिन. विनोदी तबकड्यांसाठीं त्यांची शाखा नांवाजलेली. ६ जून रोजीं त्यांनीं चमूला ऐकलें. गाण्यांनीं ते फारसे भारले नाहींत. मुलांच्या हजरजबाबीपणानें मात्र ते खूष झाले. ढोलवादक त्यांना पसंत पडला नाहीं.

ही नापसंती हें निमित्त झालें. उरलेल्या तिघांच्या मनांतहि तेंच होतें. १६ ऑगस्ट १९६२ रोजीं पीट बेस्टला एप्स्टाइन यांनीं कचेरींत बोलावून काढून टाकल्याचें सांगितलें. दोन वर्षें ज्यांच्याबरोबर काढलीं त्या सोबत्यांपैकीं एकहि त्या वेळीं तेथें हजर नव्हता. त्याच्या जागीं रिंगो स्टार आला. तो उत्तम वादक होता, आणि चमूचा निर्णय संगीताच्या दृष्टीनें योग्य होता, याविषयीं आज वाद उरलेला नाहीं. पण ज्या रीतीनें तो अंमलांत आला तिची तरफदारी कोणालाहि करतां येणार नाहीं. आणि कॅव्हर्नच्या श्रोत्यांना तर कोणीं विचारलेंच नव्हतें. पीट हा मुलींचा लाडका. त्याच्या नांवाचे घोष मॅथ्यू स्ट्रीटमध्यें घुमले, धक्काबुक्की झाली, जॉर्ज हॅरिसनचा डोळा सुजला. तो काळानिळा डोळा ४ सप्टेंबरला लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहांत घेतलेल्या छायाचित्रांतहि दिसतो. २२ ऑगस्टला ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या लोकांनीं कॅव्हर्नमध्यें चमूचें चित्रण केलें. तें चित्रण शिल्लक असून त्यांत गाणें संपतांच पीट हवा म्हणून ओरडणारा एक आवाज ऐकूं येतो. ज्यांनीं शिलिंगा-शिलिंगानें चमूला पोसलें त्यांचा तो एवढाच निषेध इतिहासांत उरला. थोड्याच आठवड्यांत तेच श्रोते रिंगोच्याहि नांवानें चिठ्ठ्या पाठवूं लागले. तरुण मनांची ही चंचलता म्हणावी कीं क्षमाशीलता, हा ज्याच्या त्याच्या अनुभवाचा प्रश्न आहे.

५ ऑक्टोबर १९६२ रोजीं 'लव्ह मी डू' ही पहिली तबकडी निघाली. लिव्हरपूलमध्यें घरीं ग्रामोफोन नसतांनाहि ती विकत घेणाऱ्या मुली होत्या. आणि मुद्दाम न घेणाऱ्याहि होत्या, असें सांगतात. त्यांचा हिशेब सरळ होता: तबकडी खपली कीं चमूचें नांव होईल, नांव झालें कीं लंडन त्यांना ओढून नेईल, आणि मग दुपारचें हें तळघर रिकामें पडेल. ज्याच्या उत्कर्षासाठीं देवाला हात जोडावयाचे त्याचा उत्कर्ष होऊं नये असेंहि त्याच तोंडानें म्हणावयाचें, अशी ही कोंडी. नाटकवेड्या, गाणेंवेड्या कोणत्याहि घराला ती समजावून सांगण्याची गरज नाहीं. तबकडी यादींत सतराव्या क्रमांकापर्यंत चढली. तेवढ्यानें कोणी लिव्हरपूल सोडून जात नाहीं, असें मानून घेण्यास जागा राहिली.

याच सुमारास एका लांबलचक तबकडीचा, म्हणजे ज्यांत चौदा गाणीं मावतील अशा 'अल्बम'चा, विचार सुरू झाला. जॉर्ज मार्टिन यांच्या मनांत प्रथम आलें, कीं हा अल्बम खुद्द कॅव्हर्नमध्येंच, श्रोत्यांसमोर मुद्रित करावा. या चमूचा जीव त्या तळघरांत आहे हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. १९६२ च्या डिसेंबरांत ते स्वतः जागा पाहावयास आले. पण विटांच्या त्या बोगद्यांत आवाज असा कांहीं घुमत होता आणि भिंतींवरून पाणी असें कांहीं ओघळत होतें, कीं लाखमोलाचीं यंत्रें तेथें आणण्याचा विचार त्यांनीं सोडून दिला. यांत्रिक दृष्ट्या तो निर्णय शहाणपणाचाच होता. तरी मनांत येतें, कीं एखादी ओबडधोबड, घुमणारी, फ्यूज उडालेली फीत त्या रात्रींची राहिली असती तर बरें झालें असतें.

शेवटीं ११ फेब्रुवारी १९६३ हा एकच दिवस लंडनमधील ॲबी रोडवरच्या ध्वनिमुद्रणगृहांत राखून ठेवण्यांत आला. चमू तेव्हां हेलेन शापिरो या तरुण गायिकेच्या दौऱ्यावर होता, कडाक्याचा हिंवाळा होता, आणि जॉनला सडकून पडसें झालें होतें. सकाळीं दहा वाजतां काम सुरू झालें. मार्टिन यांनीं ठरविलेली योजना सोपी होती: तळघरांत जें रोज म्हणतां तेंच येथें म्हणा. दुपारीं तंत्रज्ञ जेवावयास गेले तेव्हां हे चौघे गेले नाहींत. दूध पीत ते तालीम करीत राहिले. परत आलेल्या तंत्रज्ञांना याचें फार नवल वाटलें, कारण असे गायक त्यांनीं पाहिलेच नव्हते. दुपारच्या सुटींतच काम करण्याची ज्यांना दोन वर्षें संवय, त्यांना जेवणाची सुटी ती काय! पियानोवर घसा मोकळा करण्याच्या गोळ्या मांडून ठेवलेल्या आणि शेजारींच सिगारेटचीं पाकिटें. रात्रीं दहाच्या सुमारास एकच गाणें राहिलें, तें 'ट्विस्ट अँड शाउट'. कॅव्हर्नमध्यें हें गाणें हमखास रंगे. पण त्यांत जॉनला अक्षरशः किंचाळावें लागे, म्हणून तें शेवटीं ठेवलें होतें. त्याचा घसा फाटलेला, आवाज एकदांच निघणार हें सर्वांना ठाऊक. पहिल्याच खेपेस जें उमटलें तेंच तबकडीवर आहे. दुसरी खेप करून पाहिली, पण घशांत कांहीं उरलेंच नव्हतें. अकरा वाजावयाच्या आंत दहा गाणीं पुरीं झालीं. आधींच्या दोन लहान तबकड्यांवरचीं चार मिळवून चौदा भरलीं.

या अल्बमचें पहिलें गाणें सुरू होण्यापूर्वीं पॉल 'एक, दोन, तीन, चार' असे आंकडे मोजतो तें ऐकूं येतें. ध्वनिमुद्रणाच्या रीतीप्रमाणें अशी मोजणी कापून टाकावयाची असते. मार्टिन यांनीं ती ठेवली. इतकेंच नव्हे, तर ती दुसऱ्या एका खेपेंतून कापून आणून या गाण्याला जोडली. तळघर लंडनला नेतां येत नाहीं, तर निदान त्याच्या पायरीवरचा आवाज तरी न्यावा, असा त्यांचा हेतु दिसतो. आणि तो बराचसा साधला आहे. पुढें याच चौघांनीं महिनेच्या महिने खपून याहून कितीतरी गुंतागुंतीचे, कितीतरी कौतुकाचे अल्बम केले. पण ज्यांना कॅव्हर्नमधील दुपार कशी असेल याची कल्पना करावयाची आहे त्यांनीं त्या नंतरच्या कारागिरीकडे न जातां या एका दिवसाच्या घाईच्या कामाकडेच जावें.

मुद्रण झालें, अल्बम अद्याप निघावयाचा होता. त्या मधल्या आठवड्यांत, फेब्रुवारी सरतां सरतां, बीटल्स कॅव्हर्नला वाजवावयास आले. 'प्लीज प्लीज मी' ही त्यांची दुसरी लहान तबकडी जानेवारींत निघाली होती, आणि एका प्रमुख संगीत-साप्ताहिकाच्या यादींत ती पहिल्या क्रमांकावर चढल्याची तार आली. बॉब वूलर यांनीं ती रंगमंचावरून वाचून दाखविली. तळघर दणाणून जाईल अशी त्यांची अपेक्षा असावी. तळघर शांत राहिलें. टाळी नाहीं, किंकाळी नाहीं. कांहीं मुली रडूं लागल्या. ज्या क्षणाची दोन वर्षें वाट पाहिली तो आला, आणि त्याचा अर्थ वूलर यांच्या आधीं त्या मुलींना कळला.

२२ मार्च १९६३ रोजीं अल्बम निघाला. मे महिन्यांत तो यादींत अग्रस्थानीं गेला आणि तीस आठवडे तेथून हलला नाहीं. हलला तो याच चमूच्या दुसऱ्या अल्बमनें. कॅव्हर्नला त्यांच्या फेऱ्या विरळ होत गेल्या. ३ ऑगस्टच्या कार्यक्रमाचीं तिकिटें अर्ध्या तासांत संपलीं. आंत पांचशें माणसें, बाहेर गल्लींत त्याहून किती तरी अधिक. पहिल्या दिवसाचें मानधन पांच पौंड होतें, त्या रात्रींचें तीनशें. कार्यक्रम चालू असतां वीज गेली, वाद्यें मुकीं झालीं. चौघांना अर्थातच त्याची संवय होती. त्यानंतर ते त्या रंगमंचावर पुन्हां चढले नाहींत.

तळघराचें पुढें काय झालें तें थोडक्यांत असें. भुयारी रेल्वेच्या हवेसाठीं तेथें एक विवर खणावयाचें ठरलें, म्हणून १९७३ सालीं क्लब बंद करून इमारत पाडण्यांत आली आणि बोगदे बुजविण्यांत आले. विवर मात्र कधीं खणलेंच गेलें नाहीं. १९८४ सालीं जुन्या विटांपैकीं बऱ्याच विटा वापरून बव्हंशीं त्याच जागीं नवें तळघर बांधलें, आणि तें आजहि चालू आहे.

फ्रीडा केली १९७२ पर्यंत चाहत्यांच्या पत्रांना उत्तरें देत राहिली. प्रत्येक पत्राला उत्तर गेलेंच पाहिजे, आणि केसांची बट मागितली असेल तर ती खऱ्या मालकाचीच असली पाहिजे, असा तिचा दंडक. काम संपल्यावर आपल्याजवळच्या वस्तूंपैकीं बहुतेक तिनें इतर चाहत्यांना वांटून टाकल्या. थोड्या खोक्यांत भरून माळ्यावर ठेवल्या, आणि चाळीस वर्षें त्याविषयीं फारसें कोणाजवळ बोललीहि नाहीं. २०१३ सालीं तिच्यावर एक माहितीपट निघाला, तेव्हां कुठें तीं खोकीं खालीं आलीं. तोंवर ती लिव्हरपूलकडेच राहत होती आणि टंकलेखिकेचेंच काम करीत होती.